मग आजीला का नाही झाला?

(आपल्या २०१० च्या दहावीच्या बॅचच्या पेण येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना गाळलेला काही भाग छापताना घातला आहे.)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टर' अशी करून दिली. त्यातला 'मोठ्या' हा शब्द मी मैत्रीखात्यात जमा करते. 'डॉक्टर' या शब्दाचा खुलासा मात्र आधीच केलेला बरा, कारण आपल्या ग्रुपवर महिन्याला दोन-तीन तरी रिपोर्ट मला येतात. सोनोग्राफी, रक्त, एकदा तर कुणाच्या तरी सासऱ्यांचा एक्स-रे आला होता, तोही उलटा. मी रुग्ण तपासत नाही. पीएचडीचा प्रबंध या वर्षी सादर केला, तो मंजूर झाला की नावामागे 'डॉ.' लागेल, पण तेव्हाही मला साधी सर्दीची गोळी लिहून देता येणार नाही. मी पेशी बघते. माणसाच्या तोंडातल्या, बिघडलेल्या पेशी. त्या बिघडतात कशा आणि बिघडल्यावर जागा सोडून निघतात कशा, एवढ्या एका प्रश्नावर गेली सहा वर्षं काढली आहेत.

इथवर कशी आले ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी 'रोह्याची' म्हणूनच आठवते. वडील धाटावला एका केमिकल कारखान्यात फिटर होते. चौथीपर्यंत मी रोह्यात शिकले. आजोबा गेल्यावर पेणला आजी एकटी पडली, म्हणून पाचवीत मला तिच्याकडे आणून ठेवलं. शनिवारी शाळा सुटली की रोह्याची गाडी, रविवारी संध्याकाळी परत. कासू, नागोठणे, निडी ही स्टेशनं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. पेणमध्ये मी रोह्याची आणि रोह्यात पेणची. दोन्हीकडे थोडी पाहुणी असल्याचा पुढे फायदा झाला. मुंबईला कॉलेजात गेल्यावर परकं वाटायचं ते फार काही नवीन नव्हतं.

नववीत शास्त्राच्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाचं प्रात्यक्षिक घेतलं होतं. कांद्याचा पापुद्रा सगळ्यांना आठवत असेल. त्याच्या पुढच्या तासाला बाईंनी टूथपिकच्या बोथट टोकानं गालाची आतली बाजू हलकेच खरवडायला सांगितली, काचपट्टीवर मेथिलीन ब्लूचा थेंब टाकला, आणि म्हणाल्या, "हे तुम्ही आहात." वर्गात आपण साठच्या आसपास आणि सूक्ष्मदर्शक एक. माझ्या वाट्याला मिनिटभरही आलं नसेल. निळसर, पसरट, मधोमध गडद ठिपका असलेल्या त्या पेशी. बाई, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगते, मी आजही त्याच पेशी बघते. गालाच्या आतल्या. फक्त आता सूक्ष्मदर्शक मोठा आहे आणि रांगेत मागे कुणी ढकलत नाही.

बारावीनंतर मेडिकल थोडक्यात हुकलं. घरात आठवडाभर सुतक होतं. मग मुंबईत बीएस्सी, एमएस्सी, नेटची परीक्षा, आणि २०१९ मध्ये खारघरच्या ऍक्ट्रेकमध्ये पीएचडीला प्रवेश. तेव्हा ज्युनियर फेलोशिप ३१ हजार होती, पुढे २०२३ पासून ती ३७ हजार झाली, सीनियरला ४२. आकडे मुद्दाम सांगतेय. 'अजून शिकतेसच का?' असं विचारणाऱ्या नातेवाइकांना हे शिक्षण म्हणजे नोकरीसारखं काम आहे, एवढंच कळावं. त्याच काळात नागोठण्याच्या कंपनीत लागलेल्या आपल्या मित्रांचे फ्लॅट झाले, हेही मला ठाऊक आहे. आईनं ते वेळोवेळी कळवलेलं आहे.

ऍक्ट्रेक म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरचं संशोधन आणि उपचारांचं केंद्र. खारघर आपल्याच रायगड जिल्ह्यात येतं, हे सांगितलं की लोक चकित होतात. संस्थेचं मूळ मात्र परळचं. टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं, आणि १९५२ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी तिथे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं केलं. पुढे हे सगळं एका छत्राखाली आलं आणि २००२ पासून संशोधनाचा भाग खारघरला. खानोलकर हे पॅथॉलॉजिस्ट. मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली छापला होता. तंबाखू खाणं आणि हा आजार यांची सांगड घालणारं काम आपल्याकडे इतकं जुनं आहे. गुटख्याची पुडी तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये एका मराठी बाईंनी पीएचडी केली. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, १९१७ चा, शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील तिथेच जीवशास्त्र शिकवायचे. पीएचडीनंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतून १९५१ साली जिथे 'हेला' पेशी वाढवल्या गेल्या, तीच ही प्रयोगशाळा. त्या बाईला कुणी विचारलंही नव्हतं. ती त्याच वर्षी गेली, तिच्या पेशी आजही जगभर वाढताहेत, आमच्याकडेही. रणदिवेबाई तिथून शरीराबाहेर पेशी जगवण्याचं तंत्र शिकून आल्या आणि परळला त्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे टिश्यू कल्चरची, देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली. तिकडे राहता आलं असतं तरी त्या परत आल्या. १९७३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली. नवी मुंबईतल्या वाशीला त्या संघटनेचं नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आहे. निवृत्तीनंतर बाई नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या आणि स्त्रियांच्या आरोग्यावर काम करत होत्या. कॅन्सर बायॉलॉजीत माझ्यासारख्या नवख्या मुली आज डझनांनी आहेत. पण १९४९ साली ती वाट कुणी मळलेली नव्हती.

त्यांनी सुरू केलेलं काम आज मी रोज करते, म्हणून ते कसं असतं ते सांगते. चपट्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाला पेशी चिकटून वाढतात. वर लालसर गुलाबी द्रव, तेच त्यांचं खाणं. ३७ अंश तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. दर दोन-तीन दिवसांनी जुना द्रव काढून नवा घालायचा. दिवाळी असो, लग्न असो, त्यांना सुट्टी कळत नाही. (आजच्या कार्यक्रमासाठी काल रात्री नऊपर्यंत त्यांचं करून आलेय.) पावसाळा हा आमचा शत्रू. आपल्या भागातली हवा म्हणजे बुरशीचं माहेर. एखादा बीजाणू आत गेला की दोन महिन्यांचं काम कचऱ्यात. मी वापरते त्यातल्या काही पेशी परदेशातून आलेल्या नाहीत. आमच्याच संस्थेच्या मुंबईतल्या जुन्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एका भारतीय रुग्णाच्या जिभेवरच्या गाठीतून त्या वाढवल्या होत्या. त्या माणसाचं नाव कुणालाच माहीत नाही. बाटलीवर फक्त अक्षरं आणि आकडा असतो. मला कधी कधी वाटतं, तो आपल्याकडचाच कुणी असेल.

आता तो प्रश्न. माझ्या कामाबद्दल मी कुठेही बोलले, गावात, लग्नात, गाडीत, की कुणीतरी विचारतंच: "अगं, आमची आजी चाळीस वर्षं मशेरी लावायची. तिला का नाही झाला?"

हा प्रश्न मला टाळता येत नाही, कारण ती आजी माझीच आहे. तुमच्यापैकी जे आमच्या घरी आलेत त्यांना तो वास आठवत असेल. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी दातांना, दुपारी जेवल्यावर, रात्री निजताना. आजी चौऱ्याऐंशी वर्षांची होऊन झोपेत गेली. तोंडात कसला डाग नव्हता. आणि आमच्या रोह्याच्या चाळीत शेजारी राहणारा दादा, धाटावहून न्हावा-शेव्याला गाडी चालवायचा. रात्री झोप येऊ नये म्हणून गुटखा. गालात आग व्हायची, तिखट सोसायचं नाही, मग वडापाव तोडून खायला लागला, मग तोंड उघडेना. तोंड आलंय म्हणून सहा महिने व्हिटॅमिनच्या गोळ्या. परळला पोचला तेव्हा मानेत गाठी होत्या. छत्तीस वर्षांचा होता. लोकांना वाटतं मी आजीमुळे किंवा दादामुळे या विषयात आले. तसं नाही, मी प्रवेश घेतला तेव्हा दादा धडधाकट होता. पण आता मी काम करते तेव्हा ही दोघं माझ्या टेबलापाशी उभी असतात, हे खरं.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. वडखळ नाक्यावर डोळे मिटून रस्ता ओलांडणारा प्रत्येक जण गाडीखाली येत नाही. म्हणून डोळे मिटून ओलांडणं सुरक्षित ठरत नाही. आजी वाचली. तिच्या पिढीतल्या सगळ्याजणी वाचल्या नाहीत, फक्त त्यांची उदाहरणं लग्नात कुणी देत नाही.

दुसरा भाग पेशींचा. आपल्या पेशी सतत विभागतात, आणि दर वेळी डीएनएची नक्कल होते. नक्कल म्हटली की चुका आल्याच. पेशीत दुरुस्तीची माणसंही असतात आणि दुरुस्ती जमली नाही तर त्या पेशीला मरायला लावणारे मुकादमही असतात. त्यांतला एक मोठा मुकादम म्हणजे पी-५३. तंबाखूतली नायट्रोसमाइनं या चुका कैक पटींनी वाढवतात. पण चूक कुठल्या जागी पडेल हे ठरलेलं नसतं. लाखो पानांच्या पोथीत शाईचे थेंब उडताहेत असं समजा. बरेच थेंब समासात पडतात. एखादा नेमका मुकादमाच्या नावावर पडतो. आणि एकानं भागत नाही, अशा अनेक जागा बिघडाव्या लागतात. आजीच्या बाबतीत थेंब समासात पडले असावेत. यात नशीब आहे, हे वैज्ञानिक म्हणून मी मान्य करते. पण थेंब किती उडवायचे हे नशीब ठरवत नाही.

तिसरा भाग पुडीचा. मशेरी वाईटच, पण तिच्यात सुपारी नव्हती. गुटख्यात सुपारी, चुना आणि तंबाखू एकत्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सुपारीला स्वतंत्रपणे, तंबाखूशिवायही, कॅन्सरकारक ठरवलं, ते निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. सुपारीतला आर्कोलिन आणि तांबं यांमुळे गालाच्या आतल्या थरात कोलॅजेनचे तंतू साचत आणि एकमेकांत गुंतत जातात. मऊ गाल चामड्यासारखा ताठ होतो. तोंड उघडत नाही ते यामुळे. चुन्यानं निकोटिन जास्त मोकळं होतं, म्हणून पुडी सुटत नाही. महाराष्ट्रानं गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी घातली. त्यावर मी अधिक बोलत नाही, स्टँडसमोरच्या टपऱ्या तुम्हीही बघता. आता तर सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी विकतात, गिऱ्हाईक हातावर लग्न लावतं.

माझं स्वतःचं काम या सगळ्याच्या पुढच्या टप्प्यावर आहे, आणि ते मला खारेपाटाशिवाय समजावता येत नाही. आमची थोडी भातशेती वाशीच्या पुढे आहे. बाहेर खाडी, मध्ये बांध, आत गोडी जमीन. भरतीचं पाणी रोज बांधाला टेकतं आणि मागे जातं, त्यानं काही होत नाही. पण खेकडे बांधाला बिळं पाडतात. वरून हिरवंगार गवत, आतून पोखरलेलं. मग एखाद्या उधाणाला खांड जाते आणि खारं पाणी आत शिरतं. एकदा शिरलं की ती जमीन पुढची काही वर्षं पिकत नाही. आजी बांधावरून चालताना पायानं दाबून बघत जायची. कॅन्सर या लॅटिन शब्दाचा अर्थ खेकडाच, कर्करोगातही तोच. नाव देणाऱ्यांनी खारेपाट पाहिला नव्हता, तरी नाव चपखल बसलंय.

गालाच्या आतल्या पेशींच्या थराखाली असाच एक बांध असतो. अगदी पातळ पडदा, कोलॅजेन आणि इतर प्रथिनांचा विणलेला. बिघडलेल्या पेशी त्याच्या वरच्या बाजूला आहेत तोवर तो कॅन्सर म्हणत नाहीत. पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो, वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो, काही वेळा जातोही. ज्या दिवशी पेशी पडदा फोडून खाली उतरतात त्या दिवशी खांड पडली. तिथून रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या जवळ, मग मानेतल्या गाठी. माझा प्रश्न एवढाच: ही पेशी बांध फोडायला कशी शिकते? तिच्या आत केराटिन नावाच्या प्रथिनाचा सांगाडा असतो. केस आणि नखं असतात त्याच कुळातलं हे प्रथिन. गालाच्या निरोगी पेशीत ज्या जातीचं केराटिन सहसा नसतं, ते केराटिन-८ गाठीतल्या पेशींत उगवलेलं दिसतं. आमच्या संस्थेतल्या एका गटानं २०११ मध्ये दाखवलं, की जिभेच्या त्या पेशींमधलं केराटिन-८ कमी केलं तर त्यांची घुसखोरी कमी होते. माझं काम याच रस्त्यावरचं, थोडं पुढच्या वळणावरचं आहे. ते प्रथिन पेशीच्या पायांना, म्हणजे ती जिथे चिकटते त्या जागांना, काय सांगतं ते मी बघते. यातून औषध निघेल का? पुढच्या दहा वर्षांत निघेलच असं मी सांगणार नाही. 'सापडलं का औषध?' असं विचारणाऱ्यांचा हिरमोड होतो, पण मी बांधाचा अभ्यास करते. खांड कुठे पडणार हे आधी ओळखता आलं तरी खूप झालं.

कारण आजच्या घडीला जीव वाचतो तो बहुतेक वेळा लवकर कळण्यानं. टाटामध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली आले. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये, मानेत गाठ हाताला लागत नसतानाही पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या लसिकाग्रंथी काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसल्यावर काढू म्हणून थांबलेल्यांत ६७.५ टक्के. म्हणजे दर आठ रुग्णांमागे एक माणूस. जगभरच्या सर्जनांनी त्यानंतर पद्धत बदलली. यात नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. खारं पाणी नजरेला दिसण्याआधीच आत शिरलेलं असू शकतं, एवढं ओळखून आधी बंदोबस्त केला.

आणि तोंडाच्या बाबतीत आपल्याला जी सोय आहे ती यकृताला किंवा स्वादुपिंडाला नाही. आत बघायला बॅटरी पुरते. साठ-सत्तरच्या दशकांत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या दंत संशोधन गटानं पुणे जिल्ह्यातल्या गावांत एक लाखाहून अधिक लोकांची तोंडं तपासली होती. घरोघर जाऊन. आपल्या देशात पुरुषांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये तोंडाचा सगळ्यात वर आहे, आणि तो असा अवयव आहे जो आपण रोज सकाळी आरशात उघडतो.

आत्ता एक करा. तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं उभी, वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला. (हशा.) हसा, पण करा. सरांनीही करायला हरकत नाही. ज्यांची तीन बोटं जात नाहीत, दोनच जातात, आणि खिशात पुडी आहे, त्यांनी घरी जाऊन विचार करू नका, दाखवा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला छाला, तिखट न सोसणं, हलणारा दात, कानात जाणारी कळ. यातलं काहीही असेल तर दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाहीच.

शेवटचं माझ्याबद्दल, कारण सकाळपासून चार जणांनी विचारलं. हो, पुढच्या संशोधनासाठी बाहेर अर्ज केलेत. दोन ठिकाणच्या मुलाखती झाल्यात. जायला मिळालं तर जाईन, पेशी चालताना त्यांचं जिवंत चित्रण करायचं तंत्र मला शिकायचंय. परत येणार का, हे आईनंही विचारलं. तिला मी रणदिवेबाईंची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "त्या आल्या, तुझं काय ते सांग." मी म्हटलं, खारघर रोह्याच्या गाडीवरच आहे, पनवेलला फक्त बदलायचं. यापेक्षा नेमकं उत्तर आज माझ्याकडे नाही.

जेवणानंतर शेजारच्या वर्गात, आपण नववीत बसायचो त्याच वर्गात, आपली दातांची डॉक्टर मैत्रीण आणि मी थांबणार आहोत. ती तपासेल, मी बॅटरी धरेन. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. मशेरी लावणाऱ्या बायकांनीही यावं, सासूबाईंना घेऊन आलात तरी चालेल. आपल्या बॅचमधल्या ज्या तिघांनी मघाशी तीन बोटं घालण्याचं नाटक केलं, त्यांना मी इथून बघितलंय. त्यांनी आधी यावं.